कादंबरीत न मावलेले कारस्थान

फराळाचे ताट शेजारी आणि हातात एखादी अद्भुतरम्य कादंबरी, याहून मोठे सुख दिवाळीच्या दिवसांत मला तरी ठाऊक नाही. हलबेशास्त्र्यांची ‘मुक्तामाला’ १८६१ साली निघाली, रिसबुडांची ‘मंजुघोषा’ १८६८ साली. पुढे नाथमाधवांच्या ‘वीरधवल’ने तर किती पिढ्यांची झोपमोड केली असेल याचा हिशेब नाही. या कुळातल्या कथांचा साचा आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. एक सुखी राज्य असते. राजा सद्गुणी असतो आणि त्याच्या जवळपास कुठे तरी एक कपटी माणूस दबा धरून असतो. मग खोटी पत्रे निघतात, बनावट मुद्रा उमटतात, मध्यरात्री वाड्याला वेढा पडतो, राजा परागंदा होतो. एक इमानी सेवक त्याच्यासाठी रानोमाळ भटकतो, प्रजा खवळून उठते. आणि अखेरच्या प्रकरणात खलाचे कपट उघडकीस येऊन राजाला गादी परत मिळते.

समंजस वाचक हे सारे मिटल्या पुस्तकाबरोबर सोडून देतो. मला मात्र ते सोडवत नाही, याचे कारण सातारा. वर दिलेल्या यादीतले शेवटचे कलम तेवढे वगळले, तर बाकीची एकूण एक कलमे साताऱ्याच्या मातीत, १८३६ ते १८५७ या एकवीस वर्षांत, प्रत्यक्ष घडून गेली आहेत. शेवटचे कलम का घडले नाही, एवढाच काय तो प्रश्न. त्या प्रश्नाचा माग काढण्यासाठीच हा लेख.

कथानायक म्हणजे छत्रपती प्रतापसिंह. जन्म १७९३ सालचा. गादीवर बसले १८०८ साली. पण गादी म्हणावी ती नावाची, कारण खरी सत्ता पुण्यास पेशव्यांच्या हाती आणि छत्रपतींचे कुटुंब साताऱ्यास जवळजवळ नजरकैदेत. मुलांनी शिकूनसवरून शहाणे होऊ नये असाच बंदोबस्त होता. आईने रात्री सारे निजल्यावर या मुलाला अक्षरे शिकविली, असे सांगतात. फेब्रुवारी १८१८ मध्ये आष्टीच्या लढाईत बापू गोखले पडले आणि पेशव्यांबरोबर फरफटत चाललेले छत्रपती इंग्रजांच्या हाती लागले. एल्फिन्स्टनने त्यांना साताऱ्यास आणून गादीवर बसविले. २५ सप्टेंबर १८१९ रोजी तह झाला. पुढे मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ हा तेव्हा राजाजवळचा इंग्रज अधिकारी. त्याच्या देखरेखीखाली काही वर्षे काढल्यावर १८२२ साली राज्याचा पुरा कारभार प्रतापसिंहांच्या हाती आला.

आणि त्यांनी तो नेटाने चालविला. रस्ते बांधले, यवतेश्वराच्या बाजूने शहराला पाणी आणले, शाळा काढली, ग्रंथ जमविले, छापखाना घातला. स्वतः रोजनिशी लिहीत. महाबळेश्वरच्या डोंगरावर इंग्रजांना हवा खाण्यासाठी जागा हवी होती, तीही यांनीच खंडाळ्याच्या बदल्यात दिली. कंपनीचे लंडनमधील डायरेक्टर इतके खूष झाले, की १८३५ साली त्यांनी राजासाठी एक रत्नजडित तलवार आणि प्रशंसेचे पत्र पाठविले. वाचकहो, ती तलवार मुंबईपर्यंत आली आणि मुंबई सरकारने ती अडवून धरली. राजाच्या हाती ती कधीच पडली नाही. अद्भुत कथेत तलवार हरवली की वाचकाने ओळखावे, संकट आता दाराशी आले. इथेही नेमके तेच झाले.

संकटाचे मूळ कागदी होते. औंधचे पंतप्रतिनिधी, भोरचे पंतसचिव, फलटणचे निंबाळकर, जतचे डफळे, अक्कलकोटचे भोसले असे जहागीरदार साताऱ्याच्या छत्राखाली होते. एखादी जहागीर निर्वारस झाली तर ती राजाकडे यावी की कंपनीकडे, यावर वाद पेटला. राजा तहाचे कलम दाखवी आणि मुंबईकर त्याच कलमाचा निराळा अर्थ लावीत. राजाने हा वाद थेट लंडनला नेण्याचे ठरविले, आणि मुंबई सरकारच्या मनात जी अढी बसली ती कायमची. आपल्या डोक्यावरून पाऊल टाकून वरिष्ठांकडे जाणारा माणूस कुठल्याच कचेरीला आवडत नाही.

परंतु सारा दोष साहेबाच्या माथी मारून मोकळे होणे मला पटत नाही. कारस्थानाला कोरडे लाकूड लागते, आणि ते आपल्याच घरी रचून ठेवलेले होते. भोसल्यांचे क्षत्रियत्व आणि त्यांचा वेदोक्ताचा अधिकार यावरून त्या काळी साताऱ्यात मोठे रण माजले. प्रभू मंडळींच्या धर्माधिकाराचा तंटाही त्यात मिसळला. राजा वेदोक्ताच्या बाजूने उभा राहिला, १८३०च्या सुमारास साताऱ्यास पंडितांची सभा झाली, आणि गावोगावी भिक्षुकांत दोन तट पडले. विरोधी तटाला पाठबळ मिळाले ते सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांचे आणि पुण्याच्या बाळाजीपंत नातूंचे. हे नातू म्हणजे १८१७ साली शनिवारवाड्यावर इंग्रजी निशाण चढविणारे म्हणून महाराष्ट्राला माहीत आहेत.

चिंतामणरावांना मात्र मी नातूंच्या पंक्तीला बसविणार नाही. १८०१ साली मिरजेतून वेगळे होऊन त्यांनी सांगली वसविली, आणि पेशवाई बुडाल्यावरही इंग्रजांची चाकरी करण्यास ते राजी झाले नाहीत. ताठ कण्याचा माणूस. पण असा माणूसही जातीच्या प्रश्नावर साताऱ्याच्या विरुद्ध उभा राहिला. कृष्णेच्या एकाच पाण्यावर वाढलेली दोन संस्थाने. दोघांनाही परक्याचा जाच. आणि दोघांत बेबनाव तो मंत्र कोणी कोणत्या पद्धतीने म्हणावेत यावरून! कादंबरीकाराला खलनायक एकच लागतो. इतिहासाचे काम सज्जनांच्या आपसांतल्या तेढीवरही भागते.

आता कटाकडे वळू. १८३६ साली साताऱ्याच्या छावणीतील तेविसाव्या पलटणीच्या दोन देशी सुभेदारांना राजाच्या माणसांनी फितविण्याचा प्रयत्न केला, अशी खबर निघाली. लगोलग तिघा इंग्रजांचे एक गुप्त चौकशी मंडळ बसले: रेसिडेंट लॉडविक, ओव्हान्स आणि मुंबई सरकारचा चिटणीस विलोबी. साक्षी बंद दाराआड झाल्या. राजाने साक्षीपुराव्याच्या नकला मागितल्या, त्या मिळाल्या नाहीत. दिवाण गोविंदराव महाजनी यांना पकडून अहमदनगरास ठेवले. मग त्यांची आई गिरिजाबाई हिच्या नावाचा एक अर्ज सरकारकडे आला, त्यात राजाला गोत्यात आणणारा मजकूर. आणि पुढे कृष्णाजी सदाशिव भिडे नावाचा मनुष्य सांगू लागला की तो अर्ज लिहिणारा मीच! आईच्या नावाने परक्याने लिहिलेले पत्र ही कल्पना एखाद्या कादंबरीकाराला सुचली असती, तर टीकाकारांनी ती ओढूनताणून आणलेली ठरविली असती.

आरोपांचा डोलारा मात्र वाढतच गेला. राजाने गोव्याच्या पोर्तुगीज गव्हर्नराशी संधान बांधून तीस हजारांची फौज आणण्याचा बेत केला. राजाने नागपूरचे पदच्युत आप्पासाहेब भोसले यांच्याशी पत्रव्यवहार केला. तीस हजार पोर्तुगीज! त्या वेळच्या मरतुकड्या गोव्याकडे एवढी फौज कुठून असणार, हा साधा प्रश्न होता. गव्हर्नराने पुढे या साऱ्याचा इन्कारच केला. आप्पासाहेब तर जोधपूरच्या आश्रयाला जाऊन कसेबसे दिवस कंठीत होते. स्वतःचीच भाकर दुसऱ्याची, ते साताऱ्याला काय देणार? रेसिडेंटच्या जागी आलेल्या ओव्हान्सने मात्र बाळकोबा केळकर नावाच्या मनुष्याला रोख पैसे देऊन मुद्रा आणि कागद मिळविले, आणि ते पुरावा म्हणून दाखल झाले.

कादंबरीत इथे एखादा वृद्ध न्यायाधीश पुढे येतो, मुद्रा भिंगाखाली धरतो आणि कपट ओळखतो. साताऱ्याची गोम इथेच आहे. मुद्रा तपासणारे, साक्षी घेणारे, निकाल देणारे आणि निकालाने ज्यांचा वरचष्मा होणार ते, सगळे एकाच सरकारचे. खोटेपणा उघड करायचा तरी कोणापुढे?

तरीही एक दार उघडे होते, आणि माझ्या मते सगळ्या कथेचा प्राण त्या दारात आहे. १८३९ साली मुंबईचा नवा गव्हर्नर सर जेम्स कारनॅक स्वतः साताऱ्यास आला. ऑगस्ट महिन्यात राजाशी भेटी झाल्या. कारनॅकचे मागणे वरकरणी सौम्य होते. मागचे सारे माफ. राज्य, गादी, मानमरातब सगळे कायम. फक्त एका कागदावर सही करा, की मी तहाचा भंग केला होता आणि यापुढे तो पाळीन. कादंबरीतल्या शहाण्या प्रधानाने सल्ला दिला असता, ‘महाराज, तूर्त सही करा, वेळ आली की पाहून घेऊ.’ व्यवहाराला हा सल्ला सोडून नव्हता. पण प्रतापसिंहांनी नकार दिला. जे केले नाही ते केले म्हणून लिहून देण्यापेक्षा राज्य गेलेले बरे, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता.

सप्टेंबरच्या आरंभी एका रात्री वाड्याला पलटणीचा वेढा पडला. राजाची फौज होती, शहर राजाचे होते; परंतु रक्तपात होऊ नये म्हणून त्यांनी आपल्या माणसांना आधीच आवरून धरले होते. ओव्हान्सने राजाला वाड्याबाहेर आणून पालखीत बसविले आणि जवळच्या लिंब गावी नेले. धाकटे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब यांना गादी मिळाली. राजाचा काफिला पुढे काशीच्या वाटेला लागला. त्या वाटेवर राजाचे चुलतबंधू बाळासाहेब सेनापती मरण पावले. त्यांच्या मुलाला राजाने पुढे दत्तक घेतले.

आप्पासाहेबही पुरते खलनायक नव्हते. त्यांनी वेण्णा आणि कृष्णा या नद्यांवर पूल बांधले, कारभार बरा केला. इतिहासात गादी बळकावणारा माणूससुद्धा पूल बांधतो, आणि प्रजा त्यावरून मुकाट्याने ये-जा करते. मनात काय असते ते मनातच राहते.

ते अगदीच मनात राहिले असेही नाही. १८४१ साली दूर बदामीच्या किल्ल्यावर सव्वाशे अरबांना घेऊन एक आंधळा ब्राह्मण चढला. त्याचे नाव नरसिंह दत्तात्रय पेटकर. त्याने किल्ला घेतला आणि साताऱ्याच्या राजाचे निशाण फडकाविले. इंग्रजांनी थोड्याच दिवसांत किल्ला परत घेतला आणि त्याला जन्मठेप दिली. डोळ्यांनी न दिसणाऱ्या माणसाला साताऱ्याचे निशाण दिसत होते, आणि डोळस संस्थानिक माना खाली घालून बसले होते, ही गोष्ट कोणाही कथालेखकाला हेवा वाटावा अशी आहे.

याच सुमारास सांगलीत दुसरेच एक नवल घडले. चिंतामणरावांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी ५ नोव्हेंबर १८४३ रोजी ‘सीतास्वयंवर’ हे नाटक दरबारी मंडळींपुढे केले. मराठी रंगभूमीचा जन्मदिवस म्हणून आपण तो आजही साजरा करतो. रंगमंचावर शिवधनुष्य मोडले, सीतेने योग्य वराला माळ घातली, प्रेक्षक धन्य होऊन घरी गेले. त्या रात्री खरा राजा काशीत नजरकैदेत होता आणि त्याचा वकील लंडनच्या धुक्यात दारोदार फिरत होता. भाव्यांना किंवा त्यांच्या धन्याला मी दोष देत नाही. त्यांनी महाराष्ट्राला जे दिले ते थोर आहे. मला एवढेच दिसते, की ज्या काळी खऱ्या जगात न्याय मिळेनासा होतो, त्याच काळी रंगमंचावरच्या न्यायाला गर्दी लोटते. ‘मुक्तामाला’ आणि ‘मंजुघोषा’ १८५७ नंतरच्या दशकात आल्या, हाही मला निव्वळ योगायोग वाटत नाही.

त्या वकिलाचे नाव रंगो बापूजी गुप्ते. कथेतला इमानी सेवक तो हाच. पण कादंबरीतला सेवक तलवार चालवितो, वेष पालटतो, तट ओलांडतो. रंगोबांची लढाई छापील कागदांची होती. १८४० साली ते विलायतेस गेले ते १८५३ अखेरपर्यंत तिथेच राहिले. तेरा-चौदा वर्षे! भागधारकांच्या सभा, पार्लमेंटच्या सभासदांच्या गाठीभेटी, निवेदने, पुस्तिका. जॉर्ज टॉम्पसन, जोसेफ ह्यूम यांसारखे न्यायी इंग्रज त्यांच्या बाजूने बोलू लागले. इतकेच काय, ज्या लॉडविकने गुप्त चौकशीत राजाविरुद्ध सही केली होती, तोच पुढे विलायतेत राजाच्या बाजूने उभा राहिला. म्हणजे कपट उघडकीस आले, तेही भर सभेत आणि छापून. कादंबरीच्या नियमाप्रमाणे इथे गादी परत मिळायला हवी होती.

ती मिळाली नाही, उलट राज्यच बुडाले. १४ ऑक्टोबर १८४७ रोजी प्रतापसिंह काशीत वारले. ५ एप्रिल १८४८ रोजी आप्पासाहेब साताऱ्यास वारले. मृत्युशय्येवर त्यांनीही दत्तक घेतला होता. मुंबईचा गव्हर्नर क्लार्क याने दत्तक मान्य करावा असे मत दिले. पण कलकत्त्यास डलहौसी येऊन बसला होता. त्याने दोन्ही भावांचे दत्तक बाजूला सारून सातारा खालसा केले. पुढे नागपूर आणि झाशी ज्या वाटेने गेली, ती वाट पाडली गेली ती इथे. ज्याने सही नाकारली त्याचे राज्य गेले, आणि ज्याने सगळे मुकाट मान्य केले त्याचेही गेले. मग सही न करण्यात राजाने काय गमावले? माझ्या हिशेबी, काहीच नाही. आणि शब्द तेवढा राखला.

रंगो बापूजी १८५४च्या सुमारास परतले तेव्हा देश बदलला होता. इनाम कमिशनने गावोगावच्या वतनांवर आणि इनामांवर हात घातला होता. जी खंत पूर्वी राजवाड्यापुरती होती ती आता पाटील-कुलकर्ण्यांच्या ओसरीवर येऊन बसली होती. चौदा वर्षे अर्ज लिहिलेल्या या वृद्धाने अर्जांचा नाद सोडला आणि माणसे जमवायला घेतली. सातारा, यवतेश्वर, महाबळेश्वर येथे एकाच वेळी उठाव करण्याचा बेत होता. जून १८५७ मध्ये तो फुटला. राजघराण्यातील मंडळींना साताऱ्याबाहेर हलविण्यात आले. ८ सप्टेंबर १८५७ रोजी गेंडामाळावर सतरा जणांना मारले: पाच फाशी, सहा तोफेच्या तोंडी, सहा गोळ्या घालून. त्यांत रंगोबांचा मुलगा सीताराम होता. प्रभू होते, ब्राह्मण होते, मराठे होते, रामोशी होते. वेदोक्ताच्या सभेत ज्यांच्या जागा वेगवेगळ्या मांडल्या गेल्या, त्यांना त्या माळावर एकाच रांगेत उभे केले गेले.

रंगो बापूजी मात्र सापडले नाहीत. पकडून देणाऱ्याला बक्षीस लावले, शोध झाला. पण ते जे नाहीसे झाले ते झालेच.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येतो. शेवटचे कलम का घडले नाही? मला वाटते, कादंबरीत अन्याय एका माणसाने केलेला असतो, म्हणून तो माणूस पकडला की अन्याय संपतो. साताऱ्यावरचा अन्याय एका व्यवस्थेने केला. ग्रँट गेला, कारनॅक आला; ओव्हान्स बदलला, डलहौसी उगवला; लॉडविकला पश्चात्ताप झाला, तरी चाक थांबले नाही. आणि त्या चाकाला वंगण घातले ते आपल्या घरच्या भांडणांनी. खल मारून राज्य परत मिळते हे मुलांना सांगावे, ते गोडच आहे. पण राज्ये कशी जातात हे शिकायचे तर साताऱ्याचे कागद वाचावेत.

तरी या कथेला शेवटच नाही असे समजू नका. प्रतापसिंहांनी साताऱ्यात जो राजवाडा बांधला, ज्याला आपण आज जुना राजवाडा म्हणतो, त्यात इंग्रजी अमलात शाळा भरू लागली. पुढे तिला प्रतापसिंहांचेच नाव मिळाले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी एका निवृत्त सुभेदाराच्या मुलाचे नाव त्या शाळेच्या पटावर चढले. तो मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर. मंत्राचा अधिकार कोणाला, यावर ज्या राजाच्या दारी पंडितांची घनघोर सभा झाली, त्याच राजाच्या वाड्यात, ज्याला मंत्र काय, वर्गातल्या पाण्याचाही अधिकार नव्हता असा एक मुलगा पाटी घेऊन बसला, आणि पन्नास वर्षांच्या आत त्याने साऱ्या देशाच्या राज्यघटनेचा मसुदा सिद्ध केला.

राजा परत आला नाही. आईने चोरून शिकविलेल्या त्या राजाला मात्र आपल्या वाड्याचा हा उपयोग आवडला असता, असे मला मनापासून वाटते.